बाबांच्या खांद्यावरचा डाग

प्रिय चिकट्या,

या नावाने तुला आता कुणी हाक मारत नसेल. दुकानातली नवी माणसं शेठ म्हणत असतील, आणि तुझ्या बायकोला तर हे नाव पहिल्यापासून खटकायचं. पण बाबांच्या फ्रेमच्या दुकानात खळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात बुडवून तू माझ्या नव्या फ्रॉकला मिठी मारली होतीस, तेव्हापासून माझ्या तोंडी हेच बसलंय. पत्र माझं आहे, तेव्हा नावही माझंच चालेल.

तुझा मेसेज आला तेव्हा मी दवाखान्याच्या काउंटरवर होते. समोर गाल सुजलेला एक माणूस दाढेवर हात धरून उभा, आणि मी फोनकडे बघून हसतेय. बिचाऱ्याला वाटलं त्यालाच हसतेय. बाबा गेल्यानंतरचा तुझा पहिला मेसेज होता तो. ताई, हौसेपुरतं फोटो एडिट करायला, थोडंफार डिझाइन करायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ, तुला त्यातलं कळतं. बस, एवढंच. पण ‘तुला त्यातलं कळतं’ हे तू माझ्याबद्दल लिहिलं होतंस, आणि मला काही कळतं असं तुझ्या तोंडून ऐकायची मला सवय नाही. मी डॉक्टरीणबाईंना आत जाऊन सांगितलं, माझ्या भावाचा मेसेज आलाय. त्या म्हणाल्या, मग जाऊन या की माहेरी, रजा देते.

खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं. तुला सरळ बोलायला लहानपणापासून जमायचं नाही. भांडण झालं की दोन दिवस तोंड फुगवून बसायचास आणि मग मोडक्या टोकाची पेन्सिल घेऊन माझ्यासमोर यायचास. टोक करून दे. मी टोक करून द्यायची आणि भांडण मिटायचं, तू माफी मागितलीस असं कुणाला म्हणता यायचं नाही. मला वाटलं, हे सॉफ्टवेअर म्हणजे ती पेन्सिल. आता हा म्हणेल, ताई, घरीच ये आणि दाखव कसं करतात ते. मग आईच्या पलंगावर बसून चहा होईल. आई तुम्ही सगळे बाहेर गेलात की फोन करते आणि कुजबुजल्यासारखी बोलते, तसं नाही, समोरासमोर, मोठ्याने. एवढंच हवं होतं मला, आणि त्यासाठी मी काउंटरवरच्या चिठ्ठीच्या मागे तुझ्यासाठी मुद्दे लिहायला घेतले. उत्तर द्यायचं मी कबूल केलं होतं, म्हणून आधी उत्तर देते. बाकीचं मागाहून.

सगळ्यात नावाजलेलं जे आहे ते विकत मिळत नाही, भाड्याने मिळतं. दर महिन्याला भरायचं. त्यात काय नाही ते विचारू नकोस, पण हौशी माणसाने ते घेणं म्हणजे कुंडी खणायला ट्रॅक्टर आणण्यातला प्रकार. आणि भरायचं थांबलास की दार बंद. तू केलेलं तुझंच काम आत, आणि तू बाहेर. अशा घराबद्दल मला कुणी शिकवायला नको. मी लग्नानंतर तसल्याच घरात राहिले. सांगितलेलं करत होते तोवर सगळं माझं होतं, कपाट माझं, गॅसची शेगडी माझी, गॅलरीतला तुळतुळीत पुसलेला कठडासुद्धा माझा. एकदा नाही म्हटलं, नवऱ्याचा उगारलेला हात धरून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी स्वतःचे कपडे घ्यायला मला आत जाता आलं नाही. माझे मोठे दीर दारात आडवे उभे राहिले होते. बाबा दुकानाचा टेम्पो घेऊन आले. मागे काचा भरलेल्या होत्या, गिऱ्हाइकाकडे पोचवायच्या. त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. नुसतं म्हणाले, काच आहे, जपून बस. तू तेव्हा परीक्षेचं कारण सांगून मित्राकडे राहायला गेला होतास.

दुसरा प्रकार एकदाच विकत घ्यायचा, मग तो तुझा. तुझ्यासारख्याला हा बरा. पण घेताना नीट बघ, कारण फोटो दुरुस्त करणं वेगळं आणि अक्षरं, आकृत्या मांडणं वेगळं, आणि दोन्हींची सॉफ्टवेअरं वेगवेगळी असतात. फोटो हा ठिपक्यांचा असतो, फार मोठा केलास की चौकोन चौकोन दिसायला लागतात. अक्षरांचं आणि रेघांचं तसं नसतं, ती भिंतीएवढी केली तरी कड स्वच्छ राहते. एकाच सुरीने भाजी चिरायची आणि दाढीही करायची असं करू नकोस. पुष्कळ लोक करतात, आणि मग दुकानाच्या पाटीवर अक्षरांना मिशा फुटलेल्या दिसतात.

तिसरं फुकटचं. मी तेच वापरते. फुकटचं आहे म्हणून नाक मुरडू नकोस, त्यात जवळजवळ सगळं आहे, फक्त कुठे आहे ते सापडत नाही. सुरुवातीला मी त्याला इतक्या शिव्या घातल्या की शेजारीण विचारायला आली, नवरा परत आला की काय. जुना लॅपटॉप, त्याचा पंखा गिरणीसारखा घरघरायचा, एका खोलीत पलंग, ओटा आणि मी. संध्याकाळी दवाखान्यातून आलं की काय करायचं, भिंतीकडे बघायचं? म्हणून हे शिकले. आधी स्वतःचेच फोटो, मग खालच्या शिंपीणबाईंचा लग्नातला फोटो दुरुस्त केला. मधोमध चिरलेला होता, नवऱ्याचं नाक अर्धं इकडे, अर्धं तिकडे. नाक जुळवून दिलं तेव्हा बाई म्हणाल्या, याच्यापेक्षा खरं नाक वाईट होतं. मग दवाखान्यासाठी दात कसे घासावेत याचं मोठं चित्र केलं, ते अजून भिंतीवर आहे आणि मुलं त्यातल्या किडीला घाबरतात. तू आईला म्हणाला होतास म्हणे, ताईचं बरं आहे, चित्रं रंगवत बसते, वेळ जातो. जातो खरा.

चौथं फोनमधलं. त्यात शिकायला काही लागत नाही. माणसावरून बोट फिरवायचं की माणूस गायब, मागची भिंत आपोआप भरून निघते. पण एकदा साठवलं की मागे फिरता येत नाही, आधी काय होतं ते त्या फोटोत कुठेच उरत नाही. मी त्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, हे मुळीच घेऊ नकोस, आपण बाबांची मुलं आहोत.

त्याच्या खाली एक प्रश्न लिहिला होता, तो मी तुला लगेच विचारलाही. बाबांचाच प्रश्न. फ्रेम करायला कुणीही आलं की पट्टी कुठली, काच कसली हे नंतर, आधी ते विचारायचे, लावणार कुठे? समोर खिडकी आहे का, भिंतीला ओल आहे का, रोज कोण बघणार? लोक वैतागायचे. पण सॉफ्टवेअरचंही तेच आहे. काय करणार, कुठे लावणार, हे कळल्याशिवाय कोणतं घ्यायचं ते सांगता येत नाही. तू लिहिलंस, असंच गं, घरचे जुने फोटो नीट करीन म्हणतो, आईला बरं वाटेल. आणि एक फाईल पाठवलीस. कुठल्याशा सॉफ्टवेअरची फुकट चाचणी चालू आहे म्हणालास, त्यात केलंय, तुझ्याकडे उघडतं का बघ. बाबांच्या खांद्यावर काहीतरी डाग राहतोय, घासून घासून जात नाही. असला डाग कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये चांगला निघतो?

त्या फाईलकडे येते. पण त्याआधी तुला माउंटची गोष्ट सांगते. तुला आठवणार नाही, तू तेव्हा पुठ्ठ्याच्या कपच्या खात होतास. फोटोभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट बसवायची, तिला बाबा माउंट म्हणायचे. एक बाई घरातल्या सगळ्यांचा फोटो घेऊन आल्या आणि म्हणाल्या, हा कडेचा माणूस कापून टाका, माझ्या बहिणीचा नवरा आहे, त्याचं तोंड नको. बाबांनी कात्री बाजूला ठेवली. म्हणाले, बाई, फोटो मी कापत नाही. झाकून देतो. आणि त्या बाजूचा माउंट त्यांनी रुंद केला. माणूस पुठ्ठ्याखाली गेला, बाई खूश. मी विचारलं, कापला असता तर काय झालं असतं? बाबा म्हणाले, लोक भांडतात, पुन्हा बोलतात, मग मी तो माणूस आणू कुठून?

आणि खरोखरच काही वर्षांनी त्या बाई आल्या. बहिणीचा नवरा आजारी होता, सगळं मिटलं होतं. बाबांनी चिमट्याने मागचे खिळे उपटले, माउंट बदलला, आणि तो बाहेर आला. बाकीचे सगळे उन्हाने पिवळे पडलेले आणि तो तेवढा कोरा करकरीत, जसा कालच उभा राहिलाय. बाई फ्रेम छातीशी धरून दुकानातच रडल्या. बाबा मला नंतर म्हणाले, बघ, ज्याला झाकलं तोच जास्त टिकला.

आता फाईल. तुला वाटलं तू फोटो पाठवलास. तू अख्खं काम पाठवलंस, चिकट्या. या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक थर असतात, काचेवर काच ठेवल्यासारखे, आणि काम करतानाची फाईल तशीच पाठवली की ते सगळे थर समोरच्याकडे जातात. छापायला देताना ते एक करून वेगळी फाईल काढायची असते. हे तुला कुणी शिकवलं नसणार. सगळ्यात वरच्या थरावर अक्षरं होती. आमच्या नव्या दालनाच्या उद्घाटनाचं निमंत्रण. तारीख. खाली दोन मालकांची नावं, एक तुझं आणि दुसरं माझ्या मोठ्या दिरांचं. जे दारात आडवे उभे होते त्यांचं. तू त्यांच्याबरोबर भागीदारी केलीस हे मला त्या थरावरून कळलं, आणि उद्घाटन कधी आहे तेही. आईनेसुद्धा सांगितलं नाही. तिला सांगू नको म्हटलं असेल, ती निमूटपणे ऐकते.

अक्षरांच्या मागे फोटो होता. दुकानाच्या पहिल्या दिवसाचा, शेजारच्या स्टुडिओवाल्याने काढलेला, मागे शटर ओढलेलं. खुर्चीत बाबा, शेजारी आई, बाबांच्या गुडघ्याशी तू, हात चिकट म्हणून मागे लपवलेले. आणि बाबांच्या दुसऱ्या बाजूला शटर. नुसतं शटर. छान, रुंद, रिकामं. पण पट्ट्या जुळत नव्हत्या. एकीकडची आडवी रेघ दुसरीकडे बोटभर खाली उतरलेली, जणू शटरला कुणी ट्रकने धडक दिलीय. आधी मला तेवढंच दिसलं, सवयीने. मी मनात म्हटलं, याला पट्ट्या जुळवायला शिकवायला हव्यात. थराच्या नावाशेजारी डोळ्याचं एक बारीक चिन्ह असतं, ते दाबलं की तो थर दिसेनासा होतो. मी दाबलं. शटरचा तुकडा गेला आणि तिथे मी उभी होते. त्याच फ्रॉकमध्ये, तुझ्या खळीचे डाग पोटावर घेऊन.

तुला सांगायला लाज वाटते, पण मला आधी आनंद झाला. मला वाटलं, याने कापलं नाही, झाकलं. भागीदारांसमोर नाइलाज असेल, लोक येणार, प्रश्न विचारणार, पण बाबांचा मुलगा आहे, बहिणीला खाली जपून ठेवलंय, पुढेमागे माउंट बदलता येईल म्हणून. मी लॅपटॉपसमोर बसून तुझी बाजू मांडत होते, वकील लावल्यासारखी. मग तो डाग मोठा करून बघितला, आणि तू किती ठिकाणी घासलं होतंस ते दिसलं. तू जपलं बिपलं काही नव्हतंस. तुला थर एक करता येत नव्हते, एवढंच. येत असते तर मी केव्हाच गेले असते. आणि मी काही त्या माणसासारखी कोरी करकरीत निघाले नाही. तुमच्या सगळ्यांइतकीच पिवळी पडले होते.

मला राग आला. खूप राग आला, आणि तो अजून आहे, तो गोड शब्दांत गुंडाळून देणार नाही. उद्घाटनाला येऊ नकोस म्हणाला असतास तर मी आले नसते. हा फोटो सोडून दुसरा लावला असतास, मी नसलेले पुष्कळ फोटो आहेत तुझ्याकडे, अलीकडची सगळी वर्षं त्यांनीच भरलेली आहेत. पण तुला हाच हवा होता. दुकान किती जुनं, बाबा किती रुबाबदार, शटर किती तेव्हाचं, हे सगळं हवं, फक्त मी नको. बरं, तेही समजलं असतं. पण मला झाकायचं आणि उरलेलं झाकायला मलाच विचारायचं? कसाईसुद्धा बकऱ्याकडून सुरीला धार लावून घेत नाही रे.

आणि यातलं सगळ्यात वाईट काय ते सांगू? तू लबाडी केली नाहीस. मनात लबाडी असती तर ती फाईल तू मला पाठवली नसतीस, गल्लीतल्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याने ते काम करून दिलं असतं. तुला खरंच वाटलं तो डाग आहे. तुला खरंच वाटलं, ताईला त्यातलं कळतं, विचारून घेऊ. मी तुझ्या डोळ्यांसमोर होते आणि तुला त्यात मी दिसले नाही. याच्याशी भांडायचं कसं, हे मला कळत नाही. टोक करून दे म्हणत तू आलास खरा, पण तुझं माझं भांडण झालंय हेच तुझ्या गावी नव्हतं.

सॉफ्टवेअरबद्दलचा सल्ला बदलते. तू फोनमधलंच घे. हौसेपुरतं तेच बरं, शिकायला काही लागत नाही आणि खाली काही उरत नाही, दुसऱ्या कुणाला चुकून काही पाठवलं जाण्याची भीती नाही. आईच्या खोलीतला मूळ फोटो तेवढा राहू दे. बाबांनी स्वतः बसवलेली फ्रेम आहे ती, आणि तिथपर्यंत तुझे भागीदार येत नाहीत.

आता हे पत्र कशासाठी, ते. पाकिटात पेन ड्राइव्ह आहे, त्यात तुझं निमंत्रण आहे, छापायला तयार. शटरच्या पट्ट्या जुळवल्यात, तारखेची ओळ जरा वर घेतलीय. आणि तो डाग काढलाय. चिकट्या, ती माझी बोटं होती. मला झाकताना तू मनगटापर्यंत आलास आणि बाबांच्या खांद्यावर ठेवलेली बोटं तेवढी राहून गेली. मी ती एकेक करून काढली, त्यांच्या सदऱ्याचं कापड शेजारून आणून तिथे भरलं, शिवण जुळवली, आणि मग सगळे थर एक केले. आता खाली कुणी नाही. एकच गोष्ट मला जमली नाही. फोटो काढताना मी त्यांचा खांदा हळूच दाबला होता, हसा म्हणून, आणि त्यांनी मान माझ्या हाताकडे कलती केली होती. ती मान तशीच आहे. सरळ करायला गेलं की चेहरा बिघडतो, आणि बाबांचा चेहरा मी बिघडवणार नाही. उद्घाटनाला कुणी विचारलंच, हे असे एका बाजूला का कललेत, तर सांग, काही नाही, त्यांची बसायची सवयच तशी होती.

तुझीच,
ताई